रविवारी घरच्यांना घेऊन जळगावात पायी फिरायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: जळगावात राहणारं पाच जणांचं कुटुंब. नवरा-बायको, सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि सहा वर्षांचा मुलगा. आईंचा उजवा गुडघा दुखतो, वडिलांना मधुमेह आहे. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून शहरातच निवांत पायी फिरावं अशी इच्छा आहे, पण दर वेळी अर्ध्या वाटेत कुणीतरी वैतागतं आणि रिक्षा करून घरी यावं लागतं. कुठे जावं, किती चालावं, सोबत काय घ्यावं?

'कुठे' हे सगळ्यात शेवटी ठरवा. बहुतेक घरांत आधी ठिकाण ठरतं आणि मग म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना तिथपर्यंत ओढत न्यावं लागतं. वैताग येतो तो इथेच. आधी बसायच्या जागा हेरायच्या आणि मग त्या जागा जोडणारा रस्ता शोधायचा. गुडघा दुखणाऱ्या माणसाला साधारण ३०० ते ४०० मीटरवर, म्हणजे त्यांच्या चालीने आठ-दहा मिनिटांत, टेकायला काहीतरी लागतं. तेवढ्या अंतरात जागा नसेल तर रस्ता कितीही सुंदर असो, तो तुमच्या कामाचा नाही.

बसायची जागा म्हणजे कसलीही जागा चालत नाही. खुर्चीएवढी, जमिनीपासून सुमारे १८ इंच उंच हवी. देवळाची पायरी किंवा दुकानाचा बुटका ओटा आठ-दहा इंचांचा असतो. त्यावर बसताना काही वाटत नाही, पण उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो, आणि एकदा कळ आली की पुढची सगळी फेरी त्या कळेच्या हिशेबाने चालते. बागेतला पाठीचा बाक सगळ्यात बरा. नाहीच मिळाला तर किलोभर वजनाचा घडीचा स्टूल पिशवीत टाका. आई म्हणतील, "मला काय धाड भरलीय, कशाला ते लोढणं?" वाद घालू नका. पहिल्या थांब्यावर तुम्हीच त्यावर बसा आणि दोन मिनिटांनी उठून त्यांना द्या, हमखास बसतात.

आदल्या दिवशी संध्याकाळी दुचाकीवरून त्या रस्त्याने एक चक्कर मारून या. बाक शाबूत आहे का, स्वच्छतागृहाला कुलूप तर नाही ना, आणि रस्ता कुठे खोदून ठेवलाय का, एवढंच बघायचं. मागच्या आठवड्यात गुळगुळीत असलेला रस्ता या आठवड्यात पाइपलाइनसाठी उकरलेला असणं आपल्याकडे नवीन नाही. खडीच्या ढिगाला वळसा घालून भर रस्त्यात उतरायची वेळ ज्येष्ठांवर येते ती अशाच ठिकाणी.

आता अंतर. फोनवरचा नकाशा दोन किलोमीटरला पंचवीस मिनिटं दाखवतो. तो एकट्या धडधाकट माणसाचा वेळ असतो. आजी, नातू आणि थांबे धरून त्याला अडीचने गुणा, म्हणजे तासाभराच्या थोडं पुढे जाईल. पहिल्या महिन्यात दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ नका आणि घराबाहेरचा एकूण वेळ दीड तासात बसवा. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा धरायचा, आणि ते खरंच व्हावं म्हणून त्या माणसाला पुढे ठेवायचं. त्याला मागे ठेवलं की पुढचे पन्नास पावलं जातात, थांबतात, तो पोचला की लगेच निघतात. परिणामी ज्याला विश्रांतीची गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. वेग बरोबर आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण: चालता चालता गप्पा तर झाल्याच पाहिजेत, आरतीचं एखादं कडवंही गुणगुणता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे.

फेरी गोल आखण्यापेक्षा एकेरी आखा. जायचं पायी, यायचं रिक्षाने. गोल फेरीत अर्ध्यावर दमलेल्या माणसाला अजून तेवढंच चालायचंय हे दिसत असतं. एकेरीत शेवट जवळ येत जातो. रिक्षा हा हरल्याचा पुरावा मानू नका, ती आधीच बेतात धरा. फक्त शेवटचा मुक्काम रिक्षा सहज मिळेल अशा चौकात ठेवा.

खान्देशात मात्र या सगळ्यावर ऊन राज्य करतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४३-४५ अंशांवर जातो हे सांगायला नको. जूनच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो आणि आठ वाजता डांबर तापायला लागतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी सव्वासहाला घराबाहेर आणि पावणेआठला परत, याला पर्याय नाही. उन्हाळ्यातली संध्याकाळ फसवी असते. सात वाजता ऊन नसतं, पण दिवसभर तापलेल्या भिंती आणि सिमेंटचे रस्ते आग ओकत असतात, आणि सहा वर्षांच्या मुलाचं तोंड आपल्यापेक्षा त्या रस्त्याच्या जवळ असतं. हिवाळ्यात उलट. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, सकाळी चांगलाच गारठा असतो आणि गारठ्यात दुखरे सांधे आखडतात. तेव्हा आईंना सकाळी सहाला बाहेर काढू नका. साडेआठ ते दहा किंवा दुपारी साडेचार ते सहा ही वेळ धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला खरा फिरायचा हंगाम.

सावलीचा हिशेब लोक करत नाहीत, आणि तो अगदी सोपा आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी पूर्वेकडच्या इमारतींच्या कडेने चाला, कारण सूर्य त्यांच्या पाठीमागे असतो. संध्याकाळी पश्चिमेकडच्या कडेने. पूर्व-पश्चिम रस्त्यावर हिवाळ्यात दक्षिणेकडची कडा सावलीत असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगावात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुलाला ते घराच्या गच्चीवर दोन मिनिटांत दाखवा, पण त्या वेळी रस्त्यावर नको.

यानंतर रस्ता निवडताना जळगावापुरता एक नियम पाळा: हायवे ओलांडायचा नाही. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, म्हणजे आताचा ५३, शहराला आडवा छेदत जातो. त्याच्या उत्तरेला रेल्वे स्टेशन, टॉवर चौक, फुले मार्केट, जुनं जळगाव. दक्षिणेला महाबळ, काव्यरत्नावली चौक, मेहरूण तलाव. एका रविवारी एकच बाजू घ्या. गुडघेदुखीच्या माणसाला घेऊन तो रस्ता पायी ओलांडणं म्हणजे सगळी निवांतपणाची कमाई दोन मिनिटांत घालवणं. राहता उत्तरेला आणि जायचंय तलावावर, तर ओलांडण्यापुरती रिक्षा करा आणि पलीकडे उतरून चालायला लागा.

पहिल्या दोन-तीन वेळा दक्षिणेची बाजू बरी. काव्यरत्नावली चौक आणि त्याला लागून असलेलं भाऊंचे उद्यान हा शिकाऊ पल्ला समजा. बाक आहेत, झाडं आहेत, मुलाला मोकळं सोडता येतं आणि कुणी दमलंच तर बाहेर रिक्षा आहे. (चौकाला नाव मिळालं ते १८८७ मध्ये जळगावातून सुरू झालेल्या, फक्त कविता छापणाऱ्या मासिकाचं. व्यापारी गाव म्हणून जळगावाला हिणवणाऱ्या पाहुण्यांना हे जरूर सांगावं.) इथे तीन गोष्टी तपासून घ्या: आई सलग किती मिनिटं चालू शकतात, वडिलांना किती वेळाने लघवीला जावं लागतं, आणि मुलगा कितव्या मिनिटाला "कडेवर घे" म्हणतो. हे तीन आकडे हातात आले की पुढची प्रत्येक फेरी आखता येते.

मेहरूण तलाव हा दुसरा टप्पा. पाण्यावरून येणारा वारा, सकाळची माणसं, हिवाळ्यात काठावर दिसणारे पक्षी. पण पूर्ण फेरी मारायचा अट्टहास नको. दहा मिनिटं जायचं, बसायचं, आल्या वाटेने परत. तलावावर कधी बिघडतं ते सांगतो. एक, अंधार पडायला लागला की डास. सूर्य मावळायच्या आधी काठ सोडा. दोन, पावसानंतरची कच्ची वाट. आपली काळी माती ओली झाली की तळव्याला चिकटते, प्रत्येक पावलागणिक बूट जड होत जातो आणि म्हातारा माणूस घसरतो तो अशाच वाटेवर. पाऊस थांबून दोन दिवस कोरडे गेल्याशिवाय कच्च्या कडेला उतरू नका, डांबरीवरच चाला. तीन, पाणी बघून मूल पळतं. काठ जवळ आला की मुलाचा हात एकाने धरलेला असलाच पाहिजे, आणि तो 'एक' कोण हे घरून निघतानाच ठरलेलं असावं. सगळ्यांचं लक्ष असतं तेव्हा कुणाचंच नसतं. हंगामात मेहरूणची बोरं मिळाली तर मुलाला आठ-दहा द्या, बिया थुंकायला कागद ठेवा आणि आजोबांना मोजून चार.

तिसरी फेरी जुन्या गावातली. ही मला सगळ्यात आवडते, कारण इथे बघायला इतकं असतं की चालतोय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. अट एकच: रविवारी सकाळी, शटर वर जायच्या आत. दहा वाजून गेले की हातगाड्या, दुचाकी आणि माल उतरवणारे 'छोटा हत्ती' टेम्पो अशी सगळी गर्दी एकदम होते आणि मग त्याच गल्लीत आईंचा हात सुटतो. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे फुले मार्केटच्या आसपास ही फेरी काढूच नका.

टॉवर चौकापासून सुभाष चौकाकडे, तिथून सराफ बाजार आणि पुढे रथ चौक, हा पट्टा धरा. दाणा बाजारात थोडं थांबा. एखादं दुकान उघडं असेल तर मुलाच्या हातावर चार दाणे मागून घ्या. दादर (रब्बीची ज्वारी), बाजरी, उडीद, मूग वेगवेगळे ओळखायला लावा. आजी सांगतील आणि आजीचा गुडघाही तेवढ्यात विसावेल. सराफ बाजारात सकाळी लवकर गेलात तर दुकानांपुढची धूळ केरसुणीने जपून गोळा करणारे झारेकरी दिसू शकतात. ती धूळ ते धुतात, तळाशी उरलेल्या गाळातून सोन्याचा कण न् कण वेगळा काढतात. आपण जी धूळ पायाने उडवत जातो तिच्यावर कुणाचं तरी घर चालतं, हे मुलाला उभं राहून बघू द्या. मात्र आधी त्यांना विचारा. न विचारता तोंडासमोर फोन धरून चित्रण करू नका.

पुढे जुन्या गावातलं श्रीराम मंदिर. कार्तिकी एकादशीला इथून रथ निघतो, १८७२ पासूनची ही परंपरा आहे. एवढा अवजड रथ वळवतात आणि थांबवतात तो चाकांखाली लाकडी मोगरी लावून. मोगरी लावणाऱ्याचं कसब त्या क्षणाच्या अंदाजात असतं: अर्धा क्षण आधी लावली तर रथ अडतो, उशीर झाला तर भलतीकडे वळतो. रथाच्या दिवशी मात्र तुमच्या या पाच जणांना पायी नेऊ नका. त्या गर्दीत बसायची जागा नसते आणि मागे फिरायची वाटही नसते. ओळखीच्या कुणाच्या वरच्या मजल्यावरून बघायची सोय असेल तर जा. एरवीच्या रविवारी रस्ता मोकळा असतो, तेव्हा रथाचं वळण कसं निघत असेल ते त्या गल्लीत उभं राहून समजावता येतं.

याच भागात चौधरी वाडा आहे. असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई सून म्हणून इथे आल्या आणि १९५१ मध्ये जळगावातच गेल्या. त्यांच्या वापरातल्या वस्तू इथे जपून ठेवल्या आहेत. जायच्या आधी उघडायची वेळ विचारून घ्या. बंद दारापर्यंत चालत नेलेला म्हातारा माणूस पुढच्या रविवारी येत नाही.

चालताना कुणी कुठे राहायचं, हे ठरलेलं हवं. जिथे फुटपाथ नाही तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बेताने चाला. मूल कडेच्या बाजूला, मोठं माणूस वाहनांच्या बाजूला. पुढे आई आणि त्यांच्यासोबत एक जण, मधे मूल, शेवटी दुसरा धडधाकट माणूस. पाच जण आडवे पसरून चालले की मागचा दुचाकीवाला हॉर्न देणारच, आणि हॉर्नला दचकून म्हातारी माणसं नेमकी चुकीच्या बाजूला सरकतात.

आईंच्या काठीकडे लक्ष द्या. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि मग भार कमी व्हायच्या ऐवजी शरीर त्याच बाजूला झुकतं. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाकायचा. उंची अशी: बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ यायला हवी. खालचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं असेल तर आधी ते बदला, वीस-तीस रुपयांसाठी माणूस पडायला नको. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. उतारावर गुडघा चढापेक्षा जास्त दुखतो, म्हणून फेरी अशी आखा की उतार सुरुवातीला, ताजेतवाने असतानाच येईल.

पायात काय? अंगठ्याच्या सुटत्या चपला नकोत, मागे पट्टा हवा. वडिलांसाठी तर बंद बूट आणि सुती मोजेच. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते, खडा टोचतोय हे कळतच नाही आणि घरी आल्यावर फोड दिसतो. निघताना बुटात हात घालून बघायचं, आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. नवीन बूट संध्याकाळी खरेदी करा, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात, आणि पहिल्यांदा घरात दोन-तीन दिवस वापरा. नवे बूट आणि नवा रस्ता एकाच दिवशी नको.

वडिलांच्या बाबतीत आणखी एक चूक सर्रास होते. सकाळची गोळी घेतली, "आल्यावर नाश्ता करू" म्हणून उपाशीपोटी निघाले, आणि पाऊण तासाने घाम फुटला, हात थरथरायला लागले, चिडचिड सुरू झाली. घरच्यांना वाटतं स्वभाव. ती साखर उतरलेली असते. तिथेच बसवायचं, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्यायचं, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच, आणि बरं वाटल्यावर पोळी-भाकरीसारखं काहीतरी खायला द्यायचं. गुंगी आली असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना गाठा. हे टाळायचं तर गोळी, नाश्ता आणि चालणं यांचा क्रम आपल्या डॉक्टरांना विचारून कायमचा ठरवून घ्या. ग्लुकोजची पुडी त्यांच्याच खिशात असावी. तुमच्या पिशवीत असली तर नेमके तुम्ही मुलामागे गेलेले असता. छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, न थांबणारी धाप, यातलं काही झालं तर फेरी तिथेच संपली. 'थोडं बसून बघू' हा प्रयोग करू नका.

पाणी माणशी तासाला हिवाळ्यात पाव-एक लिटर, उन्हाळ्यात अर्धा लिटर धरा. पाच जण आणि दीड तास म्हणजे हिवाळ्यात दोन, उन्हाळ्यात चार लिटर. चार लिटर म्हणजे चार किलो, ते दोन पाठींवर वाटून घ्या. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. म्हातारपणी तहान कमी लागते आणि "पाणी प्यायलं की जावं लागतं" म्हणून ज्येष्ठ मुद्दाम पीत नाहीत, विशेषतः बायका. म्हणून पाण्याचा प्रश्न मुळात स्वच्छतागृहाचा आहे. बस स्टँडवरचं सुलभ, उद्यानातलं, ओळखीचं हॉटेल किंवा एखाद्या नातेवाइकाचं घर, यातलं काहीतरी दर पाऊण तासाच्या अंतरात हवं आणि ते आईंना निघतानाच सांगितलेलं हवं. जागा माहीत असली की माणूस पाणी पितो.

ओआरएसची पुडी सोबत असू द्या. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात घोळून देऊ नका, पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. पुडी नसेल तर लिटरभर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. वडिलांसाठी हे डॉक्टरांना विचारूनच. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही उन्हाची पहिली सूचना: सावली, ओला पंचा मानेवर आणि काखेत, घोट घोट पाणी. बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग तापून कोरडं पडलं तर तो उष्माघात आहे. अंगावर पाणी मारत दवाखान्यात न्या, वाट बघू नका.

खायला केळं आहेच, आणि दशमी. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी हे आपल्याकडचं जुनं प्रवासाचं खाणं आजही सगळ्यात बरं: तेल गळत नाही, पाणी मागत नाही, मुलाच्या हातात मावते. रस्त्यावरचा उसाचा रस प्यायचा तर बर्फ न घालता. शेवभाजी फेरीच्या आधी तर नकोच, पोटात तर्री आणि डोक्यावर ऊन हे जमत नाही. हिवाळ्यात फेरी संपवायची ती भरीतावर. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजलेली वांगी बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. मुलासाठी मिरची घालण्याआधीच वाटीभर बाजूला काढायला सांगा. नंतर सांगितलं तर 'कमी तिखट' म्हणजे काय यावर खान्देशात एकमत होत नाही.

मुलगा कडेवर मागतो तो बहुतेक वेळा दमलेला नसतो, कंटाळलेला असतो. खरा दमलेला पोरगा गप्प होतो, कंटाळलेला किरकिर करतो. किरकिऱ्याला काम द्या. पाण्याची बाटली वाटायचं, आजीचा स्टूल उघडायचं, पुढचा बाक कुठे आहे ते सगळ्यांच्या आधी शोधायचं. गप्प झालेल्याला मात्र खरंच बसवा. बाबागाडीचा विचार करू नका, आपल्या गतिरोधकांवर आणि चेंबरच्या झाकणांवर तिची छोटी चाकं अडतात.

कुत्र्यांबद्दल: सकाळी सहाच्या आत गल्लीबोळांत टोळकी असतात. मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा नको, पळायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, सावकाश चालत राहायचं. चावलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

ऐन उन्हाळ्यात किंवा पावसाची झड लागली की छताखालचा पर्याय ठेवा. शिरसोली रस्त्यावर जैन हिल्सवर २०१२ मध्ये सुरू झालेलं गांधी तीर्थ त्यासाठी चांगलं. ऐकत-बघत दोन तास सहज जातात, म्हणजे चालणंही होतं. सुट्टीचा वार फोनवर विचारून घ्या, आणि सहा वर्षांच्या मुलाला सगळं बघायला लावू नका.

पाहुणे म्हणून धुळ्याला गेलात तर तिथे पायी फिरणं जळगावपेक्षा सोपं पडतं. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या सरळ गल्ल्या आहेत आणि त्यांना नंबर आहेत, त्यामुळे चुकामूक झाली तरी "गल्ली नंबर चारच्या तोंडाशी थांबा" एवढं फोनवर पुरतं. राजवाडे संशोधन मंडळ आणि पांझरेकाठचं एकवीरा देवीचं देऊळ एकाच दिवशी कोंबू नका. नंदुरबारला माणिक चौकातलं बालहुतात्मा शिरीषकुमारांचं स्मारक छोट्या फेरीला पुरेसं आहे.

फेरी कशी झाली ते सोमवारी सकाळी कळतं. आईंचा गुडघा रोजच्यासारखाच दुखत असेल तर पुढच्या रविवारी दोनशे मीटर वाढवा. रोजच्यापेक्षा जास्त ठणकत असेल पण सूज नसेल तर अंतर तेच ठेवा आणि एक थांबा वाढवा. सूज आली असेल तर अंतर एक तृतीयांश कमी करा, आणि सलग दोन रविवार तसंच झालं तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर आई भाऊंचे उद्यानातल्या बाकावर बसतील आणि तुम्ही चौघं तिथल्या तिथे फेऱ्या माराल, तरी चालेल.